जिराफचं पासिंग

पासिंग पाच होतं. मी सहा लिहिलं.

सांगायला गेलं तर गोष्ट एवढीशीच. एका ऑनलाइन खेळातला, कधी जन्मालाच न आलेला सात फुटी पोरगा, आणि त्याचं पासिंग, म्हणजे बॉल दुसऱ्याला देण्याचं कसब, आकड्यात मोजलेलं. त्यानं कुणाचं काय बिघडलं? पण मी सात वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई आहे. एकदा आमचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले होते, "बाई, हा आकडा जरा खाली आणता आला तर बघा. दशांशाचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, "साहेब, आकडा मी आणत नाही, पाणी आणतं." पुढे दोन महिने साहेब माझ्याशी बोलले नाहीत. हा किस्सा माझ्या दादानं ज्याला त्याला ऐकवलाय. माझ्या लग्नात सासूबाईंनासुद्धा. त्या बिचाऱ्या "हो का" म्हणून माझ्याकडे बघतच राहिल्या होत्या.

म्हणूनच जहाजावर जाताना दादा त्याची टीम माझ्या हाती देऊन गेला.

दादा मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. या खेपेला चौदा आठवडे जहाजावर इंटरनेट नव्हतं. आठवड्यातून एकदा कप्तानाच्या ऑफिसातून चार ओळींचा निरोप पाठवता यायचा आणि चार ओळींचा घेता यायचा, बस. निघायच्या आदल्या दिवशी तो दुपारीच आला. पिटू, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिला मांडीवर घेऊन त्यानं माझ्यासमोर टॅबलेट ठेवला.

"छोटे, नीट ऐक. यात बॉल उडताना दिसत नाही. सगळे तक्तेच आहेत."

"म्हणजे माझ्याच लायनीतलं."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

हा बास्केटबॉलची टीम चालवायचा खेळ. मॅच आपण खेळायची नाही. कोण कुठे उभा राहील आणि आठवडाभर टीमला काय शिकवायचं, एवढं आपण ठरवायचं. दर गुरुवारी मॅच, आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता खेळ स्वतः हिशोब करून सांगतो की कोण किती शिकला. अट एकच. जे शिकवायचं, त्या जागी त्या खेळाडूनं पूर्ण मॅच उभं राहायला हवं. पासिंग शिकायचं असेल तर गार्डच्या जागी, म्हणजे जो बॉल घेऊन पुढे येतो आणि सगळ्यांना वाटतो, त्याच्या जागी.

दादाच्या टीममधला जिराफ नावाचा पोरगा सात फूट एक इंच उंच. मोठे कान आणि झोपाळू डोळे असलेलं चित्र होतं त्याचं. असला खेळाडू बास्केटखाली उभा करतात. तिथे तो राजा. पण दादाला त्याला गार्ड करायचं होतं.

"एवढ्या उंच माणसाला पासिंग येत असेल ना, तर त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आठ वर्षं खेळतोय मी, असला पोरगा पहिल्यांदा मिळालाय. युवा टीमच्या निवडकर्त्याशी बोलून ठेवलंय. एकवीसच्या आतलेच घेतात, आणि हा सीझन संपला की जिराफ एकवीसचा. आत्ता पासिंग चार आहे. बाराव्या आठवड्याला सात दिसलं तर घेतो म्हणालाय."

"होईल?"

"एकही आठवडा वाया गेला नाही तर होईल. पण तू हरशील. दणकून हरशील. बारकी पोरं त्याच्या हातातून बॉल काढून नेतील. घाबरायचं नाही."

त्यानं बरोबर न्यायच्या वहीत चौदा ओळींचा तक्ता आखला. तिसऱ्या ओळीत काहीतरी चुकलं म्हणून खराखरा खोडायला लागला, तर मी त्याचा हातच धरला.

"असं खरडायचं नाही. वरून एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची."

"बाप रे, प्रयोगशाळा!" तो हसला. पण केलं त्यानं तसंच. पिटूच्या डोक्यावरून हात लांब करून, इवलीशी सही.

मग तो गेला.

पहिले चार आठवडे मी शहाण्यासारखी वागले. पिटू दुपारी एकला झोपायची ती पावणेतीनपर्यंत. त्यातली वीस मिनिटं बाटल्या आणि लंगोट धुण्यात जायची, दहा उभ्या उभ्या जेवण्यात. उरलेला वेळ माझा. गुरुवारी जिराफला गार्डच्या जागी ठेवायचं, प्रशिक्षणात पासिंग निवडायचं आणि हरायचं. एकतीसने हरलो. चव्वेचाळीसने हरलो. टीमच्या नावापुढे दर मॅचला एक ठिपका येतो, जिंकलं की हिरवा, हरलं की लाल. चार लाल ठिपके ओळीत बसले होते.

त्या खेळात गप्पांचं एक पान असतं. तिथे "निवृत्त मास्तर" नावाचे एक गृहस्थ सगळ्यांना सल्ले वाटत फिरायचे. माझ्या तिसऱ्या पराभवावर त्यांनी लिहिलं, "जिराफाला सायकल शिकवताय का हो?" चौथ्यावर लिहिलं, "या टीमचा मालक झोपलाय का? कुणीतरी पाणी मारा." त्यावर बाराजण हसले. मी मूग गिळून बसले. तिसऱ्या शुक्रवारी पासिंग चारचं पाच झालं होतं आणि मी दादाला कळवलं होतं. त्याच्या निरोपात उद्गारचिन्हंच जास्त होती.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तरी मी काय केलं?

पाचव्या आठवड्यात पिटूला दात येत होते. चार दिवस ती कडेवरून खाली उतरली नव्हती. घास भरवावा तर थुंकायची. फरशी पुसली की त्यावरच सांडायची, धुतलेलं घातलं की ओलं करायची. सगळी मुलं असंच करतात, तिचा काही दोष नाही. पण संध्याकाळी नवरा यायचा, विचारायचा, "काय केलं आज दिवसभर?" आणि मला दाखवायला एक गोष्ट सापडायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्या गुरुवारी ती माझ्या डाव्या हातावर झोपली होती, खाली ठेवायची हिंमत नव्हती. उजव्या अंगठ्यानं मी टीम लावत होते. आणि तो अंगठा जिराफला उचलून बास्केटखाली ठेवून आला. एकदाच, म्हटलं. एक आठवडा.

आम्ही बावीसने जिंकलो.

हिरवा ठिपका. मी हसले ते पिटूच्या केसांत हसले, ती उठू नये म्हणून. मास्तरांनी लिहिलं, "शाबास! जागे झालात." मला, एकतीस वर्षांच्या बाईला, त्या शाबासकीनं कान गरम झाल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी शाबास म्हटलं होतं.

त्या आठवड्यात मी दादाला लिहिलं, "पासिंग पाच." ते खरंच होतं. त्याला कुठे उभं केलं, हे मी लिहिलं नाही.

सहाव्या आठवड्यात त्याचा निरोप आला, "आता सहा झालंच असेल! कळव." मी जिराफला पुन्हा बास्केटखालीच ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यापासून नक्की, असं स्वतःला बजावलं होतं. एका आठवड्यानं काय होतंय? सहा होणारच आहे, मी ते आधी लिहिते, एवढंच. असं म्हणत म्हणत मी सहा लिहिलं.

लिहून झाल्यावर काही वेगळं वाटलंही नाही. तेच जास्त लाजिरवाणं आहे. मी जाऊन कपडे वाळत घातले.

मग जिंकायची चटकच लागली. सातवा आठवडा, आठवा. आठव्या शुक्रवारी मी माझ्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर आठवडे मोजले. एक घर वर जायला साधारण तीन-साडेतीन आठवडे लागत होते, आणि बाराव्यापर्यंत उरले होते चार. आजपासून अगदी प्रामाणिकपणे हरले असते तरी सात होणार नव्हतं. मी तीच बेरीज पुन्हा एकदा केली, उत्तर तेच आलं. आणि लगेच, त्याच्याच पाठोपाठ, एक गार, हलकं काहीतरी मनात आलं: आता हरून तरी काय उपयोग? ते वाटणं मला आजही आठवतं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी जिंकत राहिले. दहाव्या आठवड्यात दादाला "सात" लिहिलं.

नवरा एकदा म्हणाला, "हल्ली हसतेस तू. बरं वाटतं. आज किती गोल?"

"बास्केटबॉलमध्ये गोल नसतात."

"बरं, टोपल्या किती?"

त्यालाही मी खरं सांगितलं नाही. बोलले असते तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं, आणि कुणी हसण्यावारी न्यावं हे मला नको होतं. कुणी ओरडावं, हेही नको होतं.

एका दुपारी मॅचचा तक्ता बघता बघता मान वर केली, तर पिटू पाळण्याचा कठडा धरून उभी होती. कधी उठली होती कोण जाणे. रडत नव्हती, हाकही मारत नव्हती. हनुवटी कठड्यावर टेकवून माझ्याकडे बघत होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत माणसं बसतात तशी. मी टॅबलेट उलटा टाकला आणि तिला उचललं. ती लगेच खुश. तिनं काहीच मनात ठेवलं नाही. मी मात्र तिच्या हनुवटीवर उमटलेली कठड्याची रेघ बोटानं चोळत बसले. ती रेघ केव्हाच गेली होती तरी.

बाराव्या आठवड्यात निवडकर्त्याचा निरोप आला. खेळाडूचे आकडे फक्त मालकालाच दिसतात, म्हणून त्यानं विचारलं होतं, "जिराफचं पासिंग किती?" त्याला मी खरं लिहिलं. पाच. त्याला खोटं लिहून उपयोग नव्हता. टीममध्ये घेतल्याबरोबर त्याला दिसलंच असतं. म्हणजे खरेपणा तिथेच आला, जिथे पकडली गेले असते. त्याचं उत्तर आलं, "अरेरे. तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती. दुसरा घेतो." मी तो निरोप पुसून टाकला आणि दादाला कळवलं, "निवड अजून जाहीर नाही. पासिंग सात."

त्याचा उलट निरोप असा होता: "इंजिन रूममध्ये सगळ्यांना सांगितलंय. आमचा स्वयंपाकी रोज विचारतो, तुमचा जिराफ कसा आहे म्हणून. तुझे आकडे वहीत शाईनं लिहितो. तुझेच आहेत म्हणून शाईनं."

दादा परवा आला. बंदरावरून थेट, बॅग दारातच टाकून. दुपारचे दीड वाजले होते, बेलनं पिटूची झोप मोडली. पिटू त्याला ओळखेना, माझ्या मानेत तोंड खुपसून बसली. मग त्याच्या खिशातल्या पेनवर नजर गेली आणि बाईसाहेब पाघळल्या.

"फोनवर उघडून बघितलं नाहीस?" मी विचारलं.

"छे! बंदरावर नेट होतं. पण म्हटलं, छोटीसमोरच उघडायचं. तिची मेहनत आहे." त्यानं टेबलावर त्याची वही ठेवली. कोपरे तेलानं काळे झालेली. उघडून दाखवली. चौदा ओळी पट्टीनं आखलेल्या, आणि प्रत्येक ओळीत माझा आकडा निळ्या शाईत. चार, चार, पाच, पाच, पाच, सहा. पुढे बाणांनी जोडलेलं पुढच्या दोन सीझनचं सगळं नियोजन. सातवर उभं.

मी म्हटलं, "चहा टाकते."

चहा टाकला नाही. मी मोरीपाशी उभी राहून एक धुतलेली बाटली पुन्हा धुवायला लागले. बाहेर तो पिटूला वाचून दाखवत होता, "हे बघ, मामाची टीम. अगं, शेवटच्या दहापैकी नऊ जिंकल्या! छोटे, तू बोलली नाहीस! गार्डला उभा करून नऊ जिंकल्यास? म्हणजे जिराफ शिकला म्हणायचा!"

मी बुचाच्या आतलं ब्रशनं घासत राहिले.

मग त्याचं वाचणं थांबलं. पिटू मध्येच "दा" म्हणाली.

"छोटे, इकडे ये जरा."

मी ओल्या हातांनीच गेले. मला वाटलं, संपलं. पण त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतंच. तो रागानं स्क्रीनकडे बघत होता.

"हे बघ काय केलंय यांनी. पासिंग पाच दाखवतोय! दोन घरं खाली. असं होतं कधीकधी, यांचं काहीतरी बिघडतं आणि जुने आकडे परत येतात. माझ्याकडे नोंद आहे म्हणून, नाहीतर कुणी विश्वास ठेवला असता? तक्रार करतो. आत्ताच." आणि तो लिहायलाही लागला. मोठ्यानं बोलत, एकेक शब्द दाबत: "सोबत माझ्या बहिणीनं दर आठवड्याला नोंदवलेले आकडे जोडत आहे. ती व्यवसायानं..."

"दादा."

"थांब गं. ती व्यवसायानं प्रयोगशाळेत..."

"पाठवू नकोस."

"का?"

"खेळाचं काही चुकलेलं नाही. पासिंग पाचच आहे. पाचच होतं."

त्याचं बोट स्क्रीनच्या वर तसंच राहिलं. पिटूनं तेवढ्यात त्याचं पेन तोंडात घातलं, ते मी काढून घेतलं. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं.

"कधीपासून?"

"पाचव्यापासून बास्केटखाली उभा केला. खोटं सहाव्यापासून."

"आणि निवड?"

"त्यानं विचारलं होतं. मी पाच सांगितलं. त्यानं दुसरा घेतला. निरोप मी पुसला."

एवढं सगळं एका दमात बाहेर पडलं. उलटी झाल्यावर वाटतं तसं बरं मात्र वाटलं नाही. दादा खुर्चीत मागे टेकला. मी वाट बघत होते, की तो म्हणेल, खेळच आहे गं. तो तसं म्हणाला असता तर मी तेवढ्यावर सुटले असते. तो म्हणाला नाही.

"मी तुला सांगितलं होतं ना, हरशील म्हणून? हरली असतीस तर मी एक शब्द बोललो असतो का?"

"नाही."

"जिंकावंसं वाटलं, तर तसं लिहायचंस. जिराफला खाली उभा केला, मला जिंकायचंय. चार ओळीत मावलं असतं."

"मावलं असतं."

"मग आकडे का खोटे लिहिलेस?"

दातांचं सांगावं, थुंकलेल्या घासांचं, लाल ठिपक्यांचं, मास्तरांचं, असं सगळं जिभेच्या टोकावर आलं. ते सगळं खरंही होतं. पण जिराफला बास्केटखाली का नेलं, त्याचं ते उत्तर होतं. सहा का लिहिलं, त्याचं नव्हतं.

"तुला मी तीच वाटावी म्हणून," मी म्हटलं. "साहेबांना उलट बोललेली."

तो वहीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पान फाडेल. त्यानं माझ्या हातातलं पेन माझ्याच हातात घट्ट दाबलं, वही माझ्यासमोर सरकवली आणि पिटूला घेऊन खिडकीपाशी गेला.

"खरडायचं नाही," तिकडूनच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी बसले. सहावी ओळ. सहावर एक रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी पाच. सही. सातवी ओळ. रेघ, पाच, सही. पेन पिटूच्या लाळेनं ओलं झालं होतं, शाई मध्येच फुटत होती. दहाव्या ओळीपासून सात होते. त्यांच्यावर रेघ मारताना जास्त जड गेलं, का ते सांगता येत नाही. तिथून निघालेले बाण पुढे दोन सीझन धावत गेले होते, त्यांना मी हात लावला नाही. ते त्याचे होते. नऊ ओळी, नऊ सह्या. सही करताना माझं पूर्ण नाव लिहायची मला सवय आहे, प्रयोगशाळेतली. नऊ वेळा लिहिलं. पुढेपुढे ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं.

पाचव्या ओळीपाशी मी परत आले. तिथला पाच खरा होता. त्याला रेघ लागत नव्हती. मी त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "बास्केटखाली खेळवला. कळवलं नाही." आणि दहावी सही केली.

दादा परत आला तेव्हा पिटू त्याच्या खांद्यावर पेंगत होती. त्यानं वही बघितली, पानं उलटून बघितली, मिटली.

"उद्या गुरुवार," तो म्हणाला. "मी दोन दिवस झोपणार आहे. टीम तूच लाव."

"मी?"

"मग कोण, निवृत्त मास्तर?" तो हसला नाही, पण बोलला तर होता. मग पिटूला माझ्याकडे देताना म्हणाला, "पुढच्या वेळी मी पेन्सिलनंच लिहीन, छोटे. राग म्हणून नाही."

मला ते माहीत आहे. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

काल मी टीम लावली. जिराफ आता एकवीसचा आहे. युवा टीमचं दार बंद झालं, त्याला पासिंग आलं काय आणि न आलं काय. मी त्याला गार्डच्या जागी ठेवला. सत्तावीसने हरलो. मास्तर आले, "सायकल परत काढली वाटतं!" मी लिहिलं, "हो, परत काढली."

आज दोन वाजता हिशोब झाला. पासिंग वाढलेलं नव्हतं. पिटू झोपली होती, दादा त्याच्या घरी झोपला असणार. मी त्याला मेसेज टाकला: "पासिंग पाच. सत्तावीसने हरलो." वाचलाय त्यानं. मी बाटल्या धुवायला घेतल्या.